थ्री नॉट थ्री: खडकीची जुनी काडतुसं उडवू की गोळ्या ओतू?

ओहायोकर:
मंडळी, मागच्या महिन्यात ली-एनफील्ड रायफल घेतली, नंबर 1 मार्क 3, ईशापूरची, 1943 ची. नंतर इथल्या गन शोमध्ये सरप्लस .303 काडतुसं दिसली, बुडावर बघतो तर केएफ, म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी! मी बोपोडीत वाढलेला, घासाघीस न करता चाळीस उचलली. आता बायको म्हणते शोकेसमध्ये ठेव, मित्र म्हणतो ग्रीसची एचएक्सपी छापाची काडतुसं शोध नाहीतर घरीच गोळ्या ओत. ओतायचं तर साचा .311 इंचाचाच घेऊ ना?

शिसेवाला_टेक्सास:
भाऊ थांब, आधी नळी मोज. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून ठोकत बाहेर काढ आणि त्यावर उमटलेले चर, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, मोज. पण गंमत बघ, एनफील्डला चर पाच, म्हणजे चराच्या बरोब्बर समोर चर येतच नाही, उंचवटा येतो, त्यामुळं साधा मायक्रोमीटर आकडा कमीच दाखवतो. मी तसाच फसलो, .312 चा साचा घेतला, गोळ्या टार्गेटवर आडव्या शिरायच्या आणि नळीत शिशाची साल. गोळी चराच्या मापाहून एक-दोन हजारांश इंच जाडच हवी, बुडाला गॅस चेकची तांब्याची वाटी बसव आणि वेग कमी ठेव. शिसं टायरच्या वजनांचं घेतलंस तर हल्ली त्यात जस्त पण असतं, शिसं 327 डिग्रीला वितळतं, जस्त 419 ला, म्हणून 370 च्या आसपासच ठेव, जस्त वर तरंगतं ते झाऱ्यानं काढ. आणि भांड्याजवळ पाण्याचा थेंब नको, वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. किचनमध्ये तर अजिबातच नाही हां.

पेठेतला_काका:
एनसीसीत आम्ही हीच चालवली, दुसऱ्या दिवशी हात वर करून शर्ट घालता यायचा नाही. जुन्या मालाच्या टोपीत, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या वाटीत, पोटॅशियम क्लोरेट असतं, जळल्यावर मीठ उरतं, ते हवेतली ओल ओढतं. नुसत्या तेलानं मीठ जात नाही बाबा, नळीत उकळतं पाणी ओतायचं, कोरडी करायची, मग तेल. इथं पावसाळ्यात एक रात्र आळस केला की सकाळी नळी भगवी!
दुसरं म्हणजे साठ-सत्तर वर्षं कुठल्या गोदामात उन्हातान्हात पडलेला माल, मग तो कुठल्याही देशाचा असो. घोडा दाबला, नुसतं खट्ट झालं, की लगेच बोल्ट उघडू नकोस, नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट तरी थांब. उशिरा पेटणारं काडतूस बोल्ट उघडताना हातात फुटलं तर संपलं.
आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, इथं लायसन्सशिवाय एक काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्ट लागतो, उगाच हौस नको.

शिसेवाला_टेक्सास:
काका बरोबर. शिवाय केएफच्या पुंगळीला, म्हणजे उडवल्यावर उरणाऱ्या पितळी नळकांड्याला, आत दोन भोकं, बर्डन पद्धतीची टोपी, ती टोपी काढायच्या साध्या डायनं निघत नाही, मग परत भरणार कशी? एचएक्सपीला मधे एकच भोक आणि मीठही नाही. मिळालं तर डोळे झाकून घे, पुंगळ्या जपून ठेव.

ओहायोकर:
मोजलं. एकाकडून तीन टेकूंचा मायक्रोमीटर आणला, .315 निघालं! एक केएफ उघडून पण बघितलं, आत कॉर्डाइट दारूच्या काड्या, अगदी शेवयांची जुडी. उरलेली एकोणचाळीस शोकेसमध्ये, बायको जिंकली. .316 चा साचा कुणाकडे पडून आहे का?