मदत हवी आहे: टीएसबी आणि रिकॉल यात नक्की फरक काय?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी चार वर्षं वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, मॅन्युअल गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह. वाढीव वॉरंटीचे आठ महिने शिल्लक आहेत. गाडीवर जीव आहे, म्हणूनच हा त्रास सहन होत नाहीये.

सकाळी पहिल्यांदा गाडी काढली की पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना कर्र होतं. जात्यात खडा आल्यासारखं थेट तळहाताला जाणवतं. दहा मिनिटं चालवली की सगळं मऊ. दोनदा वर्कशॉपला नेली, दोन्ही वेळा जॉब कार्डवर 'दोष आढळला नाही'.

आधीच्या मालकाच्या फायलीत दोन कागद मिळाले. एक टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन (टीएसबी), त्यात हुबेहूब माझीच तक्रार. दुसरं रिकॉलचं, म्हणजे कंपनीनं दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावल्याचं पत्र, चालकाशेजारच्या सीटच्या एअरबॅग इन्फ्लेटरचं (बॅग फुगवणाऱ्या भागाचं). एअरबॅगचा मला काहीच त्रास नाही, डॅशवर दिवाही लागत नाही, म्हणून ते पत्र बाजूला ठेवलं. बुलेटिन दाखवून म्हटलं, कंपनीनंच दोष मान्य केलाय, फुकट करून द्या. नाही म्हणाले. माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

आधी ते बाजूला ठेवलेलं पत्र बाहेर काढा. दुरुस्ती झाल्याची खात्री होईपर्यंत त्या सीटवर कुणालाही बसवू नका.

रिकॉल सुरक्षिततेसाठी असतो. तुम्हाला त्रास होतोय की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. २०१४ मध्ये पोर्शे ९११ जीटी३ च्या मोजक्या गाड्यांना आग लागली. कारण निघालं इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे सैल होणारे बोल्ट. कंपनीनं त्या मॉडेलच्या सगळ्या ७८५ गाड्या थांबवायला सांगितल्या आणि इंजिनं बदलून दिली. त्यातल्या बहुतेक गाड्या तोवर सुरळीत चालत होत्या. एअरबॅगचं तर त्याहून वाईट. टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडायचं, आणि बॅग उघडताना धातूचा डबाच फुटून तुकडे उडायचे. तोवर डॅशवर दिवा नाही, आवाज नाही.

गाडीचे मालक बदलले म्हणून रिकॉल रद्द होत नाही. अमेरिकेत नोटीस निघताना गाडीच्या पहिल्या विक्रीला १५ वर्षं उलटलेली नसतील तर दुरुस्ती मोफतच करून द्यावी लागते.

१७ अक्षरी शॅसी नंबर टाकून तपासा. एक गोष्ट ध्यानात ठेवा, तिथल्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर फक्त न झालेले रिकॉल दिसतात. यादी रिकामी आली तर काम झालेलं असेल किंवा तुमचा नंबर अजून चढलेला नसेल. हातात पत्र असताना रिकाम्या यादीवर विसंबू नका, सर्व्हिस सेंटरकडून झालेल्या कामाची नोंद लेखी मागा.

प्रतिसाद २

बुलेटिनबद्दल मी सांगतो, बरीच वर्षं मेकॅनिक म्हणून काम केलंय.

बुलेटिन मालकाला नसतंच, मेकॅनिकला असतं. 'अशी तक्रार आली तर कारण बहुधा हे, उपाय हा', एवढंच. म्हणून 'कंपनीनं मान्य केलंय' हा मुद्दा तिथे चालत नाही. वॉरंटी आहे, तक्रार खरी ठरली आणि गाडी बुलेटिनच्या कक्षेत बसते, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच फुकट.

कागद पुन्हा वाचा. कुठल्या शॅसी नंबरपासून कुठपर्यंत लागू, ते बघा. त्यापुढच्या गाड्यांत कारखान्यातच सुधारित भाग आलेला असतो. तारीख बघा, नंतरच्या बुलेटिननं हे रद्द केलेलं असू शकतं. मग जुना आणि नवा पार्ट नंबर. तुमच्या वर्णनावरून दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोनायझरचा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाचा) संशय येतो. तेल थंड आणि जाड असताना त्याची रिंग गिअरचा वेग वेळेत जुळवू शकत नाही.

तुमची खरी अडचण जॉब कार्डची आहे. गाडी तुम्ही चालवत नेता, पोचेपर्यंत ती गरम होते, मग दोष दिसणार कसा? रात्रभर तिथेच ठेवा. सकाळी सर्व्हिस अॅडव्हायझरला शेजारी बसवू नका, त्यालाच चालवायला द्या. कार्डवर 'गिअरचा आवाज' असं मोघम लिहू देऊ नका. 'इंजिन थंड, पहिली दहा मिनिटं, पहिल्यातून दुसऱ्यात, कर्र' असं लिहून घ्या आणि प्रत ठेवा. आठ महिन्यांनी वाद झालाच तर तक्रार मुदतीतली होती याला तोच पुरावा.

धागाकर्ता

मनापासून आभार. रिकॉल बाकीच निघाला! इन्फ्लेटर मागवलाय, ती सीट तोवर रिकामी. गाडी काल रात्री तिथेच ठेवली. सकाळी अॅडव्हायझरनं दुसरा टाकला आणि हात झटकन मागे घेतला. कार्डवर सगळं तुम्ही सांगितलं तसं लिहून घेतलंय. वॉरंटीची मंजुरी यायला वेळ लागेल म्हणतात. बुलेटिनमध्ये गिअर ऑइलची नवी ग्रेडही दिलीये. तोवर ते मी स्वतः बदलू का?

प्रतिसाद २

अजिबात नको. नव्या तेलानं आवाज थोडा दबेल आणि तपासणीच्या दिवशी पुन्हा 'दोष आढळला नाही' येईल. शिवाय काढलेल्या तेलात पितळेची चमक, म्हणजे झिजलेल्या रिंगचे कण आहेत का, हे त्यांनीच बघायला हवं. तोवर थंड गाडीत दुसरा सावकाश टाका, जोर लावू नका.