थंडीतली खाज आणि काकूंच्या नडग्या

ए-१०४ काकू: पोरींनो, थंडी पडल्यापासनं नडग्यांना लई खाज सुटतीया. रात्री झोप लागंना. खाजवून खाजवून पांढऱ्या रेघा उठल्यात, चादरीवर भुगा पडतोय. रक्त बिघडलंय म्हणून आठ दिवस कडुनिंबाचा काढा घेतेय. काय फरक न्हाई.

सी-२०१ वहिनी: आमच्या ह्यांचंही तसंच काकू. आंघोळीआधी तीळतेल चोळते मी, तरी दुपारपर्यंत पाय कोरडे ठाक.

बी-३०२ सिस्टर: काकू, घरात आणखी कुणाला खाज आहे का? बोटांच्या बेचक्यात, कमरेला, मनगटाला?

काकू: न्हाई गं, मला एकटीलाच. नुसत्या पायांना.

सिस्टर: मग खरूज वाटत नाही. आंघोळीचं पाणी कसं असतं?

काकू: कढत! गावाकडं बंबाची सवय. कढत पाणी ओतलं की खाज मरते, म्हणून नडग्यांवर जरा जास्तच ओतते. साबण दोनदा.

सिस्टर: काकू, सगळं तिथंच आहे. काढा बंद करा, रक्ताचा काही दोष नाही. कातडीच्या अगदी वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्धपणा असतो, तोच आतलं पाणी धरून ठेवतो. तेलकट ताटावर गरम पाणी आणि साबण टाकला की तेल कसं सुटून जातं? तुमच्या नडग्यांचं रोज तेच होतंय. नडगीला मुळातच तेलाच्या ग्रंथी कमी, त्यात वय वाढलं की तेल आणखी कमी सुटतं. कढत पाण्यानं घटकाभर बरं वाटतं, नंतर खाज दुप्पट.

उद्यापासनं पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांच्या आत. साबण काखेत, जांघेत, तळपायाला; नडगीला नको. पंच्यानं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांत, पेट्रोलियम जेली नाहीतर बिनवासाचं घट्ट क्रीम लावायचं. रात्री झोपताना परत एकदा.

वहिनी: आणि तेल?

सिस्टर: तेल वाईट नाही वहिनी, वेळ चुकतेय. आंघोळीआधी लावलेलं साबणानं निघून जातं. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणून आंघोळीनंतर, ओलसर अंगावर. खोबरेल चालेल. मोहरीचं नको, त्यानं काहींची कातडी चुरचुरते.

डी-४०३: मी तर दिवसाला चार लिटर पाणी पितोय ताई, तरी ओठ फुटलेलेच.

सिस्टर: तहान लागेल तसं प्या, पण नुसतं पिऊन कातडी मऊ होत नाही. ओठांना जेली लाव, जिभेनं चाटू नकोस.

सी-१०२ काका: सिस्टर, माझ्या टाचेला भेग पडलीय. कोकमतेल कढवून चटका द्यावा म्हणतोय. आमची आई असंच करायची.

सिस्टर: काका, नको! तुम्हाला शुगर आहे. बऱ्याच वर्षांच्या शुगरमुळं पायाची जाणीव कमी होते, भाजलं तरी कळत नाही. पायाला घामही कमी येतो, म्हणून टाचा इतक्या कोरड्या पडतात. भेगेतनं जंतू आत गेले तर जखम लवकर भरत नाही. रक्त येतंय का?

काका: काल चपलेवर डाग दिसला. दुखत मात्र न्हाई.

सिस्टर: दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे काका. उद्या सकाळी डॉक्टरांना पाय दाखवा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जायचं असलं तर मी बरोबर येते. भेग भरेपर्यंत कोल्हापुरी चप्पल बाजूला ठेवा, टाच उघडी राहते. सुती मोजे आणि मऊ बंद बूट घाला. युरियाचं मलम टाचांना चांगलं असतं, पण रक्त येणाऱ्या भेगेत लावू नका.

काकू: आणि माझं किती दिवसांत बरं होईल गं?

सिस्टर: एक-दोन आठवडे नेमानं करा. तरी खाज राहिली किंवा अंगभर पसरली, तर थायरॉइड आणि किडनीची तपासणी करू. त्याचीही खाज सुटते.

काका: चप्पल काढून ठेवली बघा.

सिस्टर: सहाला येते काका. पाय कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या मधेसुद्धा कोरडे करून बसा.