भरपाई मिळाली म्हणजे विषय मिटला का?

वैशाली_नाशिक: काल इथे रामभाऊंनी लिहिलं, "माहेर अरारला कॅनडाने १ कोटी ५ लाख डॉलर दिले, पंतप्रधान हार्परनी माफी मागितली. यंत्रणा चूक सुधारते, अजून काय हवं?" वाचून डोकं तापलं.

अरार म्हणजे सीरियात जन्मलेला कॅनडाचा नागरिक. २६ सप्टेंबर २००२ ला घरी निघाला होता, न्यूयॉर्कला फक्त विमान बदलायचं होतं. तिथेच दहशतवादाच्या संशयावरून धरला. हातात कॅनडाचा पासपोर्ट, आणि अमेरिकेने पाठवलं सीरियाला! दमास्कसला थडग्याएवढ्या कोठडीत दहा महिने, वर केबलचे फटके. कॅनडाच्याच पोलिसांनी अमेरिकेला चुकीची माहिती पुरवली होती. हे २००६ मध्ये ओ'कॉनर आयोगाने सांगितलं.

रामभाऊ_ठाणे: ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा माझी लोकल माहीमच्या अलीकडे अडकली होती. त्या संध्याकाळी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलं असतंत, तर अधिकाऱ्यांना एवढं सहज दोषी धरलं नसतंत.

वैशाली_नाशिक: तुमचं दुःख खरं आहे, रामभाऊ. पण चौकशीच करायची होती तर कॅनडात पाठवायचं. सीरियाला का?

शेख_मिरज: नुसतं नाव एखाद्या संशयिताशी जुळलं तरी पुरतं. खालिद अल-मस्री हा जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ ला मॅसेडोनियाच्या सीमेवर धरला, २३ दिवस हॉटेलात डांबला, मग सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने अफगाणिस्तानात नेला. मे २००४ मध्ये अल्बानियातल्या एका रस्त्यावर सोडून दिला. मला युरोपातल्या एका विमानतळावर साडेचार तास बसवलं. अम्मीचं इन्सुलिन माझ्या बॅगेत, आणि अम्मी बाहेर. जन्मतारीख तरी ताडून बघा म्हणालो, कोणी ऐकेना.

पराग_पिंपरी: नावाचा घोळ आपल्याकडेच सुरू होतो! माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव माझ्या नावाला चिकटवलंय, तिकिटावर आडनाव आधी. दर वेळी काउंटरवर वाद.

मंजिरी_बेळगाव: माझं तर लग्नानंतरचं आडनाव व्हिसावर एक, पासपोर्टवर दुसरं. दुरुस्तीला तीन खेपा झाल्या.

पराग_पिंपरी: तीनच? माझ्या पाच!

शेख_मिरज: पराग, मंजिरीताई, तुमची अडचण कागदाची आहे. माझ्याकडे बघून विमानतळावरचे अधिकारी आधी दोन पावलं मागे सरकले. दोन्ही एका तागडीत तोलू नका.

मंजिरी_बेळगाव: चुकलं माझं, शेखभाई.

रामभाऊ_ठाणे: सीरियाला पाठवणं चूक होतं, एवढं मान्य. पण कॅनडाने शेवटी न्याय दिलाच ना?

वैशाली_नाशिक: अरारची बायको मोनिया माझिघ दोन लहान मुलं सांभाळत ओटावात वर्षभर दारं ठोठावत होती, तेव्हा तो सुटला. आणि अमेरिकेत? तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये त्याचा खटला ऐकायलाच नकार दिला. त्याला न्याय म्हणता?

रामभाऊ_ठाणे: अमेरिकेचं मी बोललोच नव्हतो.