अनुभव धागा: तळपायाच्या कमानीचं दुखणं, कशाने बरं वाटलं?

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेपासून कमानीपर्यंत कळ जाते. थोडं चाललं की पाय मोकळा होतो आणि संध्याकाळी पुन्हा ठणकायला लागतो. आमच्या घरात हे दुखणं एकाहून जास्त जणांना झालं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं, म्हणून हा धागा काढतेय. काय केलंत, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, ते तपशिलाने लिहा. नुसतं 'आराम करा' नको. ज्यांचं काम उभ्यानेच चालतं त्यांना आराम मिळणार कुठून?

माझ्यापासून सुरुवात. निदान झालं प्लांटर फॅशिआयटिसचं, म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याच्या दुखण्याचं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा तो कमान धरून ठेवतो. रात्रभर पाऊल सैल, खाली झुकलेलं राहतं, त्यामुळे पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात आणि उठल्याउठल्या सगळं वजन त्यांवर येतं. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, पाय जमिनीला लावायच्या आधी ताण द्या. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, पाचही बोटं हाताने धरून नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमान चाचपायची. कातडीखाली कडक, ताणलेली कड लागली की ताण बरोबर बसलाय असं समजायचं. दहा सेकंद धरून सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. खूप वेळ बसून उठण्याआधीही करायचं, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं.

रात्रपाळी
मी नर्स आहे. वॉर्डातली फरशी कडक, आणि पाळी संपेपर्यंत बसणं नाही. माझ्या बाबतीत बुटांनी निम्मं काम केलं. बूट घेताना मी टाच आणि चवडा दोन हातांत धरून वाकवून बघते. तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर परत ठेवते. पिळूनही बघते, फडक्यासारखा पिळला गेला तर कमानीला त्याचा आधार मिळत नाही. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर सहज आत जाता कामा नये. घरातही अनवाणी चालणं बंद केलं, पलंगाशेजारी आधार असलेली चप्पल ठेवते.

पाळीत वेळ मिळेल तेव्हा भिंतीला हात टेकून पोटरी ताणते, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. पोटरीत दोन स्नायू आहेत, खालच्याला ताण गुडघा वाकवल्यावरच नीट मिळतो. घरी आल्यावर गोठवलेली पाण्याची बाटली पातळ टॉवेलात गुंडाळून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवते. बर्फाने ठणका कमी होतो, मूळ दुखणं जात नाही, पण त्या दिवसाची झोप लागते आणि तेही मोठंच आहे.

पायवाट
शर्यतीची तयारी करताना अंतर भराभर वाढवलं तेव्हा सुरू झालं. विश्रांतीने थांबायचं, धावायला लागलो की परत. फरक पडला तो पाय बळकट करण्याने. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि पट्टा ताणात राहतो. मग तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद वर थांबायचं, तीन सेकंदांत खाली. तोल जाऊ नये म्हणून कठडा धरायचा. एका पायावर झेपत नसेल तर आधी दोन्हींवर. दिवसाआड करायचं, आणि सोपं वाटू लागलं की पाठीवर पिशवी घेऊन वजन वाढवायचं. व्यायामात थोडं दुखतं ते चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली असेल तर मात्र भार कमी करायचा. सकाळचं पहिलं पाऊल हाच माझा मोजमापाचा मार्ग होता.

याला महिने लागतात हे आधीच समजून घ्या. बहुतेकांचं वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, पण दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेना म्हणून व्यायाम सोडणारे मी खूप पाहिलेत. वाईट वाटतं.

अनामिका
मी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पटकन आराम पडला, काही आठवड्यांनी दुखणं हळूहळू परतलं. वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांनी घेण्याआधीच स्पष्ट सांगितलं होतं. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलंही दिसलं, पण तसं हाड अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांमध्येही असतं. त्याला घाबरू नका.

मोगरा
सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं, म्हणून लिहितेय. कमान दुखायचीच, पण सूज घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यामागे. एका पायाची कमान हळूहळू खाली बसत चालली होती. मागून बघितलं तर त्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसायची आणि त्याच बुटाची आतली कड झिजलेली. डॉक्टरांनी त्यांना त्या एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली, ती उचललीच जाईना. कमानीला वर धरणारा टिबियालिस पोस्टिरियर नावाचा स्नायू आहे, त्याचा स्नायुबंध झिजला होता. अशा वेळी नुसतं ताणत बसून भागत नाही. सुरुवातीला घोट्याला पट्टा, मग आधाराचं इनसोल आणि बेताने व्यायाम. एखाद्याची कमान मोठेपणी बसायला लागली तर वाट बघू नका, लवकर दाखवा.

रानवारा
लहान मुलांच्या आईबाबांसाठी. लेकीचे पाय सपाट दिसायचे, जीव धास्तावला होता. डॉक्टरांनी तिला चवड्यांवर उभं केलं, आणि कमान दिसली! दुखत नसेल आणि चवड्यांवर कमान येत असेल तर बहुधा उपचार लागत नाहीत, वाढत्या वयात कमान तयार होते.

निळाई
रात्रपाळी, बर्फाचा उपाय चांगला आहे, पण मधुमेह असणाऱ्यांनी तो परस्पर करू नये. माझ्या वडिलांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली होती, बर्फाने किंवा गरम पाण्याने कातडीला इजा झाली तर त्यांना कळलंही नसतं. तळव्यात आग, मुंग्या, बधिरपणा असेल तर ते बहुधा मज्जातंतूचं दुखणं आहे, पट्ट्याचं नव्हे. आणि एकाच ठिकाणी हाडावर दाबून दुखतं, चालल्यावर वाढतच जातं, असं असेल तर हाडाला बारीक भेग आहे का ते तपासून घ्या, तोवर धावणं बंद.

शिशिर
पंचविशीत दोन्ही टाचा दुखायला लागल्या. सोबत सकाळी कंबर आखडलेली, ती हालचालीने सुटायची, विश्रांतीने वाढायची. आधी बूट बदलले, इनसोल घातले. मग एका डॉक्टरांनी कंबरेबद्दल विचारलं आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. निदान स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणक्याच्या संधिवाताचं झालं, औषधांनी टाचाही शांत झाल्या. तरुण वय, दोन्ही टाचा आणि कंबर, हे तिन्ही जुळत असेल तर पायाच्या डॉक्टरांना कंबरेचंही आवर्जून सांगा.