गवती चहा, अडुळसा, पानओवा: खोकल्याला नक्की काय आणि किती?

गच्चीतली_बाग
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. कुंड्यांत गवती चहा, तुळस, पानओवा आहे, आणि मावशीने कोकणातून अडुळशाची फांदी दिली होती, तीही चांगली लागली आहे. पाऊस सुरू झाल्यापासून घरात आळीपाळीने सगळ्यांची सर्दी चालू आहे. सासूबाई म्हणतात सगळं एकत्र उकळ, वर ज्येष्ठमध टाक. सासऱ्यांना बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मुलगा सहा वर्षांचा. सगळ्यांना तोच काढा चालतो का?

पुणेरी_काका
आमच्याकडे गवती चहा, आलं, साखर, दूध. औषध वगैरे माहीत नाही, पण पावसात याशिवाय चहाला चहा म्हणत नाही.

कुडाळची_वहिनी
अगं, सगळं एका पातेल्यात घालू नकोस. 2020 साली आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका एवढंच होतं. आमच्या वाडीत लोकांनी त्यात लवंग, ओवा, गुळवेल, कच्ची हळद, जे हाताला लागेल ते ढकललं आणि मग छातीत जळजळतंय म्हणून ताक पीत बसले.

प्रत्येक पाल्याचं काम वेगळं. अंग कसकसतंय, नाक गळतंय, तर गवती चहा. बाहेरच्या जून पाती काप, बुडाशी चार बोटं ठेव म्हणजे पुन्हा फुटतात. पातीच्या कडेने बोट चिरतं, म्हणून वरून खाली ओढायची नाही. दोन-तीन पातींची सैल गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकायची, गॅस बंद, आणि वर झाकण. झाकण महत्त्वाचं. वासातच सगळं आहे, ते खळखळ उकळून स्वयंपाकघरभर घालवायचं नाही. पानओव्याचंही तसंच. पोट गुबारलं असेल तर एक पान हाताने चुरडून गरम पाण्यात. उरलेल्या पानांची भजी कर, मुलगा ती जास्त आनंदाने खाईल.

अडुळसा मात्र उकळावाच लागतो. घट्ट कफ सुटत नसेल तेव्हाच. दोन पिकत आलेली पानं, सुंठेचा तुकडा, कपभर पाणी आटवून अर्धा कप, त्यात गूळ. कडू म्हणजे इतका कडू की गूळ घालूनही तोंड वाकडं होतंच. मोठ्यांनी दोन-तीन दिवस घ्यावा, पुढे नाही. पोटुशी बाई असेल तर अजिबात नाही, हे आमच्या सासूबाई दारातूनच ओरडून सांगायच्या. लहान मुलाला मी अडुळसा देत नाही, त्याला पातळ गवती चहा आणि चमचाभर मध पुरे. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही हं, कोणी वाचत असेल तर.)

आणि नर्सरीतून नवीन आणलेल्या रोपाची पानं लगेच वापरू नका. फवारणी झालेली असते. जुनी पानं खुडून टाका, नवी फूट आली की तीच घ्या.

औषधांचं_दुकान
वहिनींशी सहमत. अडुळशाला आजीबाईचा बटवा म्हणून हसू नये. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच तयार झालं.

पण सासऱ्यांना ज्येष्ठमध बंद. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. वर बीपीच्या गोळीसोबत लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर आणखी वाईट. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना तुळस, आलं रोजच्या चहात थोडं असतं तेवढंच ठेवा. दाट काढा करून रोज पाजायचा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. 'घरचंच आहे' म्हणून गिऱ्हाईक हे आम्हाला सांगतच नाहीत, चौथ्या प्रश्नाला बाहेर येतं.

गुळवेलीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो: 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तेव्हा हरकत घेतली होती. तो वाद असो, यकृताचा त्रास असलेल्याने स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पावसाळ्यात दोन दिवसांवर ताप टिकला तर काढ्यावर ढकलू नका, रक्त तपासा. मुलाला धाप लागली किंवा छातीत घरघर ऐकू आली, तर तेवढंही थांबू नका.

गच्चीतली_बाग
खूप आभार. ज्येष्ठमधाचा डबा वरच्या फळीवर गेला. सासूबाईंना 'दुकानवाले दादा म्हणाले' असं सांगितलं, माझं नाव घेतलं असतं तर ऐकलं नसतं. वहिनी, गवती चहाच्या पाती टोकाला तपकिरी होतायत, कुंडी आठ इंचाची आहे.

कुडाळची_वहिनी
अडकलाय बिचारा. त्याला बादलीएवढी कुंडी लागते. आता पाऊस आहे तोवर ठोंब उपटून मुळांसकट तीन-चार भाग कर, पाती वीतभर ठेवून छाट आणि वेगवेगळे लाव. एक पुणेरी काकांना दे, नुसता दुधातच घालतात तर निदान ताजा तरी घालू देत.