कॅरमेल कॉफी घरी: प्रमाणं, पाक आणि फसगती

साखरपाक

कॅरमेल, मोका (कॉफी-चॉकलेट), बिस्किट, तिरामिसू (कॉफी आणि क्रीमचं इटालियन गोड)... गोडाच्या पदार्थाची चव असलेली कॉफी घरी केली की बहुतेक वेळा कॉफीच्या रंगाचं गोड दूध हाती येतं. गोड भागाकडे सगळं लक्ष, कॉफी आपली दोन चमचे पावडर. तेव्हा या धाग्यावर ज्याने त्याने आपल्या टोपणनावाखाली आपलं प्रमाण लिहावं, काय बिघडतं आणि का तेही. 'अंदाजाने' हा शब्द बाद.

कॅरमेलपासून सुरुवात करते. साखर 200 ग्रॅम, पाणी 60 मिली, क्रीम 120 मिली, बिनमिठाचं लोणी 60 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, लिंबाचे चार थेंब. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. काळं नॉनस्टिक नको, पाकाचा रंगच दिसत नाही. पातेलं मालाच्या चौपट मोठं हवं.

साखर, पाणी, लिंबू एकदाच ढवळून गॅसवर चढवायचं आणि मग चमच्याला हात लावायचा नाही. कडेला उडालेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवा. एक कोरडा दाणा पाकात पडला तर त्याच्याभोवती सगळ्या पाकाची पुन्हा साखर होते. लिंबू चवीसाठी नाही, याच्यासाठीच. झालीच साखर, तर फेकू नका. अर्धी वाटी पाणी घालून विरघळवा आणि परत सुरू.

रंग आधी मधासारखा होतो, मग तांब्यासारखा. मिठाईसाठी मधावर थांबलं तर चालतं. कॉफीसाठी तांबं हवं, पहिला बारीक धूर दिसेपर्यंत (थर्मामीटर असेल तर 170 ते 175 अंश). फिकं कॅरमेल दुधात गेलं की नुसती साखर उरते. तिथून करपायला दहा-पंधरा सेकंद पुरतात, म्हणून क्रीम आधीच गरम करून हाताशी ठेवा. गॅस बंद, क्रीम तीन वेळा करून ओता. थंड क्रीम ओतलं तर पाक उसळतो आणि तळाशी दगड बसतो. दगड मंद आचेवर ढवळत राहिलं की विरघळतो, उसळलेला पाक हातावर आला तर मात्र कठीण. लोणी-मीठ शेवटी. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये दोन आठवडे.

200 मिलीच्या कपाला 20 ग्रॅम, म्हणजे एक भरलेला मोठा चमचा. मीठ वगळू नका. खारट लागण्यासाठी ते नाहीच, कडवटपणा दाबायला आहे.

डिकॉक्शन

आता कॉफीचं बोलू. पितळेच्या किंवा स्टीलच्या साऊथ इंडियन फिल्टरमध्ये 30 ग्रॅम पावडर, वर नुकतं उकळी उतरलेलं 150 मिली पाणी. पावडर स्वतःच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, हाती 90 मिलीच्या आसपास येतं. तेवढंच घ्या. वरून पुन्हा पाणी ओतून निघालेलं दुसरं डिकॉक्शन साध्या कॉफीला ठीक, कॅरमेलपुढे ते टिकत नाही. एका कपाला 45 मिली पहिलं डिकॉक्शन आणि 130 मिली दूध.

पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा दाबली नाही. अर्ध्या तासाने थेंबही नाही, तर जास्त दाबली. झाकण काढून वरची चकती जरा उचला, हवा शिरली की गळायला लागतं.

चिकरीकडे (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी) पाकीट घेतानाच बघा. आपल्याकडच्या नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असली की पुरते, म्हणजे उरलेली 49 टक्के चिकरी असू शकते. चिकरीची स्वतःची चव जळक्या साखरेकडे झुकणारी. तांब्याच्या रंगाच्या कॅरमेलसोबत ती जास्त झाली की करपलेल्यावर करपलेलं. 80:20 च्या पुढे जाऊ नये. चॉकलेटसोबत मात्र चिकरी चांगली जमते, पोत दाट येतो.

कडूजहर

मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं) असेल तर काम सोपं. इटलीत 1933 पासून हे भांडं आहे आणि त्यातल्या 'तीन कप'चा अर्थ तीन छोट्या वाट्या, आपले तीन मग नव्हेत. पाणी खालच्या भांड्यातल्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंत, आणि गरम पाणीच भरा. गार भरलं तर ते तापेपर्यंत वरच्या चाळणीतली पावडर भाजत बसते. पावडर काठोकाठ, 15 ते 17 ग्रॅम, सपाट करायची, दाबायची नाही. मंद आच, झाकण उघडं. फुर्रर्र आवाज येऊन फिकट फेस फुटायला लागला की लगेच उतरवून बूड नळाखाली धरा. शेवटचे ते दोन घोट कपात आले की सगळी कॉफी कडवट. मग लोक त्यात आणखी कॅरमेल ओततात आणि कॉफीला नावं ठेवतात.

आपल्या शेगडीवर हे भांडं नीट बसत नाही, तिरकं होतं. खाली पापड भाजायची जाळी ठेवा. ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालणार नाही.

फेसाळ

घरात फक्त इन्स्टंट असेल तरी निराश होऊ नका. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दालगोना म्हणून गाजलेली ती आपली फेटलेली कॉफीच. इन्स्टंट, साखर, गरम पाणी सारख्या मापाने, दोन कपांना प्रत्येकी दोन मोठे चमचे. हँड मिक्सरने तीन-चार मिनिटं, चमच्याने पंधरा. फिल्टर कॉफीच्या पावडरचा असा फेस उभा राहत नाही, प्रयत्न वाया जातो. साखर निम्म्याहून कमी केली तर फेस येतो पण टिकत नाही, साखरेनेच तो धरलेला असतो.

फेस बसण्याचं दुसरं कारण तेलकटपणा. वाटीला तुपाचा हात लागलेला असला तरी पुरे. म्हणून वर दिलेलं लोण्याचं कॅरमेल या फेसात मिसळू नका. ते पेल्याच्या तळाशी, त्यावर दूध, त्यावर फेस. दूध गार असलं तर कॅरमेल तळाशीच चिकटून राहतं. आधी दोन चमचे कोमट दुधात सैल करून घ्या.

गूळवाली

साखरेऐवजी गूळ चालेल का? चव सुंदर येते, पण उकळत्या दुधात घातला की दरवेळी नासतं.

डिकॉक्शन

गुळात आंबटपणा असतो, कॉफीतही असतो, आणि गरम दूध दोन्ही एकदम सोसत नाही. क्रम बदला. 100 ग्रॅम गूळ 50 मिली पाण्यात विरघळवून गाळा (काडीकचरा निघतोच), गार करा. कपात दोन चमचे गुळाचा पाक, त्यावर डिकॉक्शन, आणि शेवटी वेगळं तापवलेलं दूध, बोट क्षणभर टिकेल इतपतच गरम. गूळ आणि दूध एकत्र गॅसवर कधीच नाही. शिळं, उतरतीला लागलेलं दूध असेल तर हेही चालणार नाही. खायचा सोडा घालू नका, साबणासारखं लागतं.

गोव्याकडे माडाचा काळा गूळ मिळतो, पिरॅमिडसारख्या ढेपांचा. तो मुळातच धुरकट, कॅरमेलच्या जवळचा. त्याच्यासोबत गाईच्या दुधापेक्षा नारळाचं जाड दूध जास्त शोभतं, फक्त ते उकळू द्यायचं नाही, फुटतं.

कोकोप्रेमी

मोकासाठी: एका कपाला कोको 8 ग्रॅम (दोन लहान चमचे, जरा भरलेले), साखर 12 ग्रॅम, मीठ चिमूट. कोको दुधावर तरंगतो आणि गुठळ्या होतात कारण त्यातलं लोणी पाण्याला दूर ठेवतं. आधी साखरेसोबत कोरडाच मिसळा, मग दोन चमचे गरम डिकॉक्शन घालून चकचकीत लगदा करा, मग बाकीचं. कॉफीतच मिनिटभर उकळलात तर कोकोची कच्ची, पिठूळ चव जाते.

इटलीतल्या तोरिनोचं बिचेरीन हे याचंच थाटाचं रूप. तळाशी दाट गरम चॉकलेट, मध्ये कॉफी, वर गार क्रीम, ढवळायचं नाही. थर ठेवायचे तर चॉकलेट खरंच दाट हवं: 100 मिली दुधात 40 ग्रॅम डार्क चॉकलेट. कॉफी चमच्याच्या पाठीवरून ओता.

न्यूजर्सीकर

क्रीमबद्दल एक खुलासा, कारण परदेशातल्या कृती वाचून भारतात फसगत होते. इकडे अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये फॅट 36 टक्के, म्हणून ते फेटलं की उभं राहतं. भारतात डब्यात मिळणारं 25 टक्क्यांचं क्रीम सॉसला उत्तम, पण कितीही फेटा, शिखरं येणार नाहीत. त्यासाठी डेअरी व्हिपिंग क्रीमच हवं, 30 टक्क्यांच्या वर, फ्रीजमधून काढून लगेच, भांडंही गार करून. केकवाल्यांचं वनस्पती तेलाचं क्रीम पटकन फुगतं खरं, पण कॉफीवर ते टाळूला मेणासारखं चिकटतं आणि कॉफीची चवच लागू देत नाही.

तिरामिसूच्या चवीसाठी मस्कारपोने (त्यात पडणारं मऊ इटालियन चीज) महाग पडतं. तेच 25 टक्क्यांचं क्रीम 500 मिली, 85 अंशांपर्यंत तापवा, एक मोठा चमचा लिंबाचा रस, पाच मिनिटं मंद आचेवर, मग रात्रभर फडक्यात टांगून फ्रीजमध्ये. दोन चमचे ते, एक चमचा पिठीसाखर, थोडं दूध. सैल करून गार कॉफीवर सोडा आणि वर कोको चाळा.

मिक्सरबाई

गार कॉफीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं एकदम भांड्यात टाकून दोन मिनिटं फिरवणं. सायीसकट दूध असेल तर लोण्याचे कण सुटतात आणि पेल्याला तुपकट कड येते. दोन पेल्यांसाठी: गार डिकॉक्शन 60 मिली आणि कॅरमेल 40 ग्रॅम आधी दहा सेकंद फिरवा. मग गार, गाळलेलं दूध 250 मिली. शेवटी व्हॅनिला आइस्क्रीम 100 ग्रॅम आणि बर्फाचे सहा खडे, पंधरा-वीस सेकंद, बस. कॅरमेल थेट गार दुधात टाकलं की पात्यांखाली गोळा होऊन बसतं, वर प्यायला काही नाही.

बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्याऐवजी दुसरं डिकॉक्शन ओता. वर ज्याला नावं ठेवली गेली ते इथे उपयोगी पडतं, पेला शेवटपर्यंत पांचट होत नाही. गारव्याने गोडी कमी जाणवते, त्यामुळे बर्फाआधी चाखताना जरा जास्त गोड लागलं तर घाबरू नका.

कडूजहर

आइस्क्रीम आणलंच आहे तर अफोगातो करा. गार वाटीत एक गोळा, वर 30 मिली कडक गरम मोका पॉटची कॉफी, लगेच खा. साखर, सॉस, वेफर काही नको.

कंडेन्स्ड

व्हिएतनाममधल्या हनोईची अंड्याची कॉफी कोणी लिहिली नाही. 1946 मध्ये दुधाच्या टंचाईत तिथल्या एका हॉटेलातल्या बारटेंडरने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून ती काढली. दोन बलक, दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, चार थेंब व्हॅनिला, हँड मिक्सरने सहा-सात मिनिटं, मिश्रण चमच्यावरून रिबिनीसारखं सलग पडेपर्यंत. खाली 60 मिली कडक काळी कॉफी आणि कप गरम पाण्याच्या वाडग्यात उभा. गार झाली की अंड्याचा वास वर येतो, म्हणून तो वाडगा. बलक पूर्ण शिजत नाही, तेव्हा अंडी ताजी हवीत. लहान मुलं आणि गरोदर बायकांना देऊ नका.

आणि कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा कुकरमध्ये उकळून कॅरमेल करणाऱ्यांनो, डबा पाण्यात पूर्ण बुडालेला हवा आणि गार झाल्याशिवाय उघडायचा नाही. गरम डब्याला ओपनर लावला की आतलं भाजणारं कॅरमेल पिचकारीसारखं तोंडावर येतं. त्यापेक्षा दूध वाटीत काढून, वर फॉइल बांधून, ढोकळ्यासारखं वाफवा. वेळ लागतो, पण छत स्वच्छ राहतं.

जायफळ

एवढं सगळं झालं आणि आपल्या घरोघरच्या कॉफीतलं जायफळ कोणालाच आठवलं नाही! कॅरमेलसोबत व्हॅनिलापेक्षा ते बरं. किसणीवर दोनच वेळा ओढायचं, थेट फेसावर. दुधासोबत उकळलं तर कडवट होतं, आणि पावडरच्या डबीतलं महिन्याभरात भुशासारखं. वेलची सोबत नको, दोन्ही एकत्र आली की श्रीखंडाचीच आठवण येते.

साखरपाक

जायफळ मान्य, सुरुवातीला मीच लिहायला हवं होतं. सगळ्यांसाठी एक राहिलं: कॅरमेलचं पातेलं घासत बसू नका. चिकटलेल्या थरावर कपभर पाणी घालून उकळी आणा, पाच मिनिटांत सुटतं. पाक करपलेला नसेल तर ते पाणी गाळून डिकॉक्शनसाठी वापरा, त्या दिवशीच्या कॉफीत साखर अर्धीच लागते.