मुलं पास होऊन गेली की गट का थंडावतो
नेहमी म्हटलं जातं की कॉलेज कॅम्पसवरचे पर्यावरण गट उत्साहाने सुरू होतात आणि मुलं पास होऊन गेली की बंद पडतात. अगदी खरं आहे. म्हणूनच गटात माळीकाका, सफाई कामगार आणि मेसमधली माणसं पहिल्या दिवसापासून हवीत. ती तिथे वर्षानुवर्षं असतात.

कंपोस्टचंच बघा. मेसचं खरकटं नुसतं खड्ड्यात टाकलं की वास सुटतो, तक्रारी येतात, प्रकल्प गुंडाळला जातो. आणि त्याच आवारात दुसऱ्या टोकाला वाळका पाला जाळत असतात! नीट कुजायला कार्बन (वाळक्या पाल्यात जास्त) आणि नायट्रोजन (खरकट्यात जास्त) यांचं प्रमाण साधारण ३०:१ लागतं, म्हणजे खरकट्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा जाड थर हवा. मूठभर मिश्रण दाबलं तर बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा. धार लागली तर पाला आणखी घाला. अधूनमधून खालीवर करत राहा. हा अंदाज माळीकाकांच्या हाताला चटकन येतो.

२२ एप्रिल १९७० चा पहिला वसुंधरा दिनही आधी अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या चर्चासत्रांपुरताच ठरला होता. शाळा आणि वस्त्या सामील झाल्या तेव्हा तो एवढा मोठा झाला.

आणि हो, कामाची नोंदवही मेसमध्येच ठेवा, कुणा एकाच्या मोबाईलमध्ये नको.